शब्द आला म्हणजे माणूस जागा

त्या धुलाईखान्यात इस्त्रीची खोली आणि बॉयलरची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि त्या भिंतीत माणसाचं डोकं जेमतेम जाईल एवढा एक झरोका होता. अर्थात तो डोकं घालायला ठेवलेला नव्हता. तो हाका मारायला होता. अलीकडे इस्त्रीवाल्या बायका वाफेत घामाघूम होऊन हॉस्पिटलच्या चादरी सरळ करायच्या, आणि पलीकडे डिक्शनरीकाका एका जुन्या स्टुलावर बसून बॉयलर सांभाळायचे. चादरींच्या कोपऱ्यावर ज्या त्या वॉर्डाचा इंग्रजी अक्षरांचा शिक्का असे. एक गाडाभर चादरी झाल्या की कुणीतरी हातातल्या चादरीवरची तीन अक्षरं झरोक्यातून ओरडायचं, आणि काकांनी ती तिन्ही अक्षरं ज्यात येतात असा, सुचेल तेवढा लांब इंग्रजी शब्द परत पाठवायचा. शब्द आला की बायका पुढचा गाडा ओढायच्या.

बाहेरच्या माणसाला हा खेळ वाटे. होताही, पण तो सुरू झाला होता भीतीतून.

काकांच्या आधीचा बॉयलरवाला एकदा दुपारी याच स्टुलावर झोपला. बॉयलरमधलं पाणी आटत गेलं आणि आग चालू राहिली. त्या दिवशी काय होता होता राहिलं हे आठवलं की जुन्या मालकांना शेवटपर्यंत घाम फुटायचा. त्यांनी नियम घातला, की इस्त्रीखोलीतून हाक मारायची, "आहात का?" आणि पलीकडून उत्तर यायला हवं, "आहे." पण काका नोकरीला लागले तेव्हा त्यांनीच मालकांना पटवलं की हे काही खरं नाही. संसारात मुरलेला पुरुष गाढ झोपेत "आहे" म्हणतो, "हो" म्हणतो, "उद्या आणतो" असंही म्हणतो. झोपेत जे जमत नाही असं काहीतरी विचारा. मालक म्हणाले, "म्हणजे काय, पाढे?" काका म्हणाले, "पाढेही झोपेत येतात. अक्षरं विचारा."

काकांकडे एक भलीमोठी डिक्शनरी होती. कुठल्याशा हॉटेलच्या मळक्या कपड्यांच्या गठ्ठ्यातून आली आणि परत न्यायला कुणी आलंच नाही. तिची शेवटची पानं फाटलेली होती, त्यामुळे एक्स, वाय, झेडने सुरू होणारे शब्द काकांच्या लेखी जन्मालाच आले नव्हते. बाकी सगळे त्यांना पाठ. अर्थ विचारू नये. व्याकरण तर मुळीच विचारू नये. पण तीन अक्षरं टाकली की काकांचे डोळे अर्धे मिटायचे, ओठ हलायचे, आणि झरोक्यातून लांबच लांब शब्द मालगाडीसारखा बाहेर यायचा. शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत इस्त्र्या हवेत थांबायच्या.

आणि इतकी वर्षं तो नियम बिनचूक चालला. शब्द आला म्हणजे माणूस जागा. माणूस जागा म्हणजे बॉयलरमध्ये पाणी आहे. धुलाईखान्यात नवी बाई आली की तिला इस्त्री कशी धरायची याच्या आधी हे शिकवायचे.

काकू, म्हणजे डिक्शनरीकाकांच्या सौभाग्यवती, त्याच इस्त्रीखोलीच्या टोकाला रफूच्या टेबलाशी बसायच्या. फाटक्या चादरी, उसवलेले अभ्रे, बटणं तुटलेले डॉक्टरांचे कोट, असा सगळा जखमींचा वॉर्ड त्यांच्याकडे. बायका बॉयलरला काकूंची सवत म्हणायच्या. काकूंना त्याचं वाईट वाटत नसे. "सवत बरी," त्या म्हणायच्या. "तिला दिवसभर तेच भरवतात. मला निदान तिचं ताट तरी वाढावं लागत नाही." लग्न ठरलं तेव्हा दुसऱ्या पोरींचे होणारे नवरे चंद्राबिंद्राबद्दल बोलत, काकूंना पहिल्या भेटीतच कळलं होतं की बॉयलर कसा फुटतो. काकांनी कपबशी पुढे ओढून समजावलं होतं. "काचेच्या नळीत पाण्याची रेघ दिसते. ती दिसली नाही तर घाबरायचं नाही, पण पंपाला हात लावायचा नाही. लोखंड आत तापून लाल झालेलं असतं, त्यावर गार पाणी सोडलं की छप्पर गावभर. आधी आग बंद. मग माणसं बाहेर." काकूंनी चहा संपवला आणि होकार दिला. इतक्या जिव्हाळ्याने बोलणारा माणूस त्यांनी आधी पाहिला नव्हता.

आता मुलाचं लग्न होऊन सूनही त्याच खोलीत इस्त्रीला उभी राहायची, अगदी झरोक्याखालच्या टेबलाशी, भिंतीला पाठ लावून. सासऱ्यांना जेरीला आणणं हा तिचा आवडता उद्योग.

"बाबा, एक्स, क्यू, एन. आता बघू."

पलीकडे स्टूल करकरलं.

"एक्स्क्विझिटनेस."

सुनेने मोबाईलवर बघून घेतलं. "आहे. अर्थ काय बाबा?"

"ते तुझ्या मोबाईलला विचार. मला फक्त लांबी कळते."

"सासूबाईंनी यांच्याशी संसार कसा केला कोण जाणे."

"डब्ल्यू, डी, एच," काकूंनी टेबलावरूनच आवाज दिला.

"नॉटविथस्टँडिंग," झरोका म्हणाला, आणि खोली हसली. कुणालाच अर्थ माहीत नव्हता, पण उत्तर काकूंना चपखल लागू पडलं असावं असं सगळ्यांना वाटलं.

मग हळूहळू काही गोष्टी घडू लागल्या. त्या इतक्या बारीक होत्या की कुणाला सांगाव्यात तर हसंच व्हायचं. काका डबा खाऊन उठायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा डबा शोधत यायचे. आता दुसऱ्यांदा जेवायला बसणारा नवरा हा काही कुणी आजारी समजत नाही. एकदा काकूंना ते शेजारच्या गल्लीत, परक्याच दाराला आपली किल्ली लावताना सापडले. दार उघडत नाही म्हणून कुलूपवाल्याला शिव्या देत होते. काकूंनी त्यांचा हात धरला, घरी आणलं, आणि उंबऱ्यातच विचारलं, "अहो, पी, वाय, डी."

"डिसप्रपोर्शनेटली," काका चपला काढता काढता म्हणाले.

काकूंच्या जिवात जीव आला. सुनेला त्यांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "आई, डोकं शाबूत आहे त्यांचं. तुमच्या मुलाला तीन अक्षरं दिली तर तो चौथं मागत बसेल."

त्या घरात ताप बघायला थर्मामीटर आणि डोकं बघायला तीन अक्षरं, असं ठरूनच गेलं. काकांनी साखरेच्या डब्यात मीठ भरलं, की अक्षरं. भावाच्या बायकोला तिच्याच घरी "कोण आपण?" असं विचारलं, की अक्षरं. आणि दर वेळी शब्द यायचा, तुकतुकीत, धुऊन इस्त्री केलेला. शब्द जेवढा लांब, तेवढी घरातली माणसं निर्धास्त.

काकूंच्या रफूच्या टेबलाजवळ मागच्या बाजूची खिडकी होती, आणि खिडकीखाली मोरी. बॉयलरच्या तळाशी गाळ साठतो. तो काढायला रोज सकाळी एकदा काका एक दांडा ओढायचे, की आतलं थोडं उकळतं पाणी गाळासकट गरजत मोरीत यायचं आणि खिडकी पांढरी होऊन जायची. मग काका नळीतली रेघ बघून पंप लावायचे, गेलेलं पाणी भरायचे, आणि पंपाची घरघर भिंतीतून ऐकू यायची. आधी गर्जना, मग घरघर. काकूंच्या लेखी तेच घड्याळ होतं.

एका सकाळी मोरी दोनदा गरजली.

काकूंनी सुई अभ्र्यातच ठेवली. पंपाची घरघर मात्र झाली, तीही दोनदा. दुपारी त्यांनी सहज विचारलं, "आज गाळ जास्त होता का हो?"

"छे. नेहमीचाच. एकदाच सोडला."

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. आता त्यांना कळत होतं, आणि आपल्याला कळतंय हे कुणाला कळू नये अशी त्यांची धडपड चालली होती. मॅनेजरला सांगितलं तर काकांना त्याच दिवशी घरी बसवतील, यात शंका नव्हती. आणि घरी बसलेले काका काकूंनी सुट्टीच्या दिवशी पाहिलेले होते. दर थोड्या वेळाने उठून फ्रिजला तळहात लावून बघायचे, तापलाय का म्हणून. बॉयलर काढून घेतला तर या माणसात उरेल काय? डिक्शनरीची फाटलेली पानं.

"थोडे दिवस रजा घ्या ना," त्यांनी एकदा सुचवून पाहिलं.

"मी नसलो तर ती बिघडेल."

"कोण?"

"कोण म्हणजे?" काकांनी अशा नजरेने पाहिलं, की विसरभोळ्या त्याच आहेत असं काकूंना वाटलं.

मग काकूंनी स्वतःपुरता एक तोडगा काढला. मोरी दुसऱ्यांदा गरजली की त्या झरोक्यापाशी जायच्या आणि अक्षरं टाकायच्या. शब्द आला की त्या परत रफूला बसायच्या. बॉयलरपासून एकाच भिंतीआड आपली सून उभी आहे, तिच्या शेजारी बाकीच्या लेकीबाळी उभ्या आहेत, हे त्यांना पाठमोरं बसूनही दिसायचं. पण शब्द येत होता ना. शब्द आला म्हणजे माणूस जागा. माणूस जागा म्हणजे पाणी आहे. या दोन वाक्यांच्या मधली जागा कधी उसवली ते, जन्मभर उसवलेलं शोधणाऱ्या बाईला दिसलं नाही.

त्या दिवशी चादरींचा ढीग मोठा होता. सकाळी मोरी गरजली. थोड्या वेळाने पुन्हा गरजली. काकूंनी अक्षरं टाकली, शब्द आला. मग चहा झाला, गाडे हलले, आणि दुपार कलता कलता खिडकी तिसऱ्यांदा पांढरी झाली.

"आज भिंत काय तापलीय," सून म्हणाली. "पाठ शेकून निघाली माझी. बाबांना सांगा, सुनेचं दुखणं बरं झालं, आता पुरे."

"रंग तापल्यासारखा वासही येतोय," शेजारची म्हणाली.

"तू नवीन बाटली आणलीस ना नखांच्या रंगाची, तिचा असेल," सून म्हणाली.

हसू उमटलं. सुनेने हातातली चादर उलटी करून शिक्का पाहिला आणि झरोक्याकडे तोंड केलं. "बाबा, व्ही, वाय, सी. आज जेवलात तेवढ्या लांबीचा पाहिजे."

इस्त्र्या हवेत थांबल्या. काकूंनी सुई खाली ठेवली. आणि मग भिंतीपलीकडून, खणखणीत, छापल्यासारखा, एकेक डबा मोजत शब्द आला:

"काउंटर... रेव्होल्यूशनरी."

बायकांनी टाळ्याच वाजवल्या. सून म्हणाली, "अगं बाई, हा तर थांबायलाच तयार नव्हता." पुढचा गाडा ओढला गेला. काकूही हसल्या. सुई उचलली, डोळ्याजवळ नेली, दोरा ओवता ओवता त्यांचा हात थांबला.

मोरी गरजली होती. पंप बोलला नव्हता.

त्यांनी आठवून पाहिलं. सकाळचीही घरघर आठवेना. दुसऱ्या वेळची तर नाहीच. तीन वेळा पाणी बाहेर गेलं होतं आणि आत काही आलं नव्हतं, आणि त्या इथे शब्दाची लांबी मोजत बसल्या होत्या.

त्या धावल्या नाहीत. धावलं की बायका विचारतात. अंगण ओलांडून त्या बॉयलरच्या खोलीत शिरल्या. नेहमीपेक्षा कोरडा, जिभेला लागणारा उष्मा होता. काका स्टुलावर ताठ बसले होते, मॅच जिंकून आल्यासारखे.

"ऐकलंस का? व्ही, वाय, सी."

"ऐकलं. अहो, पाणी किती आहे?"

"भरलंय की."

काकूंनी काचेच्या नळीकडे पाहिलं. रोज पुसून लख्ख ठेवलेली नळी. गच्च भरलेली असो नाहीतर पार रिकामी, ती दिसते सारखीच. फरक कळतो तो फक्त मधल्या रेघेने.

"अहो, रेघ कुठे आहे?"

काकांनी नळीकडे पाहिलं, मग काकूंकडे. चेहऱ्यावर अगदी सभ्य कुतूहल होतं.

"कसली रेघ?"

काका उठले. बायको काळजीत दिसतेय तर तिचं समाधान करावं अशा चांगुलपणाने म्हणाले, "थांब, थोडं पाणी सोडतो, म्हणजे तुझी शंका फिटेल," आणि पंपाच्या बटणाकडे हात नेला.

काकूंनी त्यांचं मनगट पकडलं. एवढ्या वर्षांत त्यांनी या माणसाला कशापासून म्हणून अडवलं नव्हतं. दुसऱ्या हाताने त्यांनी आगीचा लाल खटका खाली ओढला. जन्मभर भिंतीत ऐकू येणारा आगीचा आवाज थांबला आणि त्या शांततेत लोखंड आतून टक्, टक् असं बोलू लागलं.

"अगं, विझवलीस काय? ती गारठेल."

काकूंनी झरोक्याला तोंड लावलं. "सगळ्या बाहेर. इस्त्र्या बंद करा आणि अंगणाच्या टोकाला जा."

"आई, घडी अर्धी राहील," सून म्हणाली.

"राहू दे."

इस्त्र्यांचे खटके एकामागून एक बंद झाले. पलीकडे पावलं वाजली. काकू नवऱ्याचं मनगट न सोडता त्यांना बाहेर घेऊन आल्या.

मॅनेजर आले ते कपाळावर आठ्या घेऊनच. "काकू, हॉस्पिटलच्या चादरी संध्याकाळी जायच्यात. बॉयलर बंद करायचा अधिकार बॉयलरवाल्याचा असतो. रफूवालीचा नाही."

"साहेब, आत पाणी नाही. ह्यांना... ह्यांना आता कळत नाही."

"काकांना कळत नाही?" मॅनेजरांनी काकांकडे पाहिलं. काका शांत उभे होते, सदरा नीट खोचलेला. मॅनेजरांनी, याच धुलाईखान्यात मुरलेल्या माणसाने, जे सुचायचं तेच केलं. "काका, के, डब्ल्यू, जी."

"अ‍ॅक्नॉलेजमेंट," काका म्हणाले. श्वास घ्यायलाही थांबले नाहीत.

"बघा," मॅनेजर म्हणाले. "ठणठणीत आहेत. मला नसता सुचला."

अंगणाच्या टोकाला उभ्या बायकांचे खांदे सैल पडले. एकदोघी तर परत निघाल्याही. काकूंना दिसलं की हा एक शब्द त्या सगळ्यांना पुन्हा त्या भिंतीला नेऊन उभं करणार. त्यांना त्या क्षणी नवऱ्याच्या हुशारीची जितकी भीती वाटली तितकी कशाचीच वाटली नव्हती.

"तसं नका विचारू, साहेब," त्या म्हणाल्या. "शब्द यायचाच. तो मेल्यावरही येईल. ह्यांना विचारा, आज गाळ किती वेळा सोडला."

मॅनेजरांनी हसून विचारलं. "काय काका, आज गाळ किती वेळा?"

"आज?" काकांनी खिशातल्या फडक्याला हात पुसले. "आज अजून सोडलाच नाही. बरं झालं आठवण केलीत." आणि काकूंच्या हातातून मनगट सोडवून ते सावकाश, कर्तव्याला निघालेल्या माणसासारखे बॉयलरच्या दाराकडे चालू लागले.

मोरीतून अजून वाफ येत होती. मॅनेजरांनी ती पाहिली. मघाशी आपण स्वतः तिथून येताना ओला चिखल चुकवला होता, हे त्यांना आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा धुतल्यासारखा पांढरा झाला.

"काका," ते अगदी हळू म्हणाले. "राहू द्या. चला, इकडे बसा."

सून पुढे झाली आणि तिने सासऱ्यांचा दंड धरला. तिला काही विनोद सुचला नाही.

बॉयलर गार झाल्यावर मिस्त्री आत शिरला. बाहेर आला तो आधी पाणी प्यायला. मग मॅनेजरांना म्हणाला, "त्या वेळी पंप लागला असता, तर मला बोलवायचं काम पडलं नसतं. छप्पर बसवायला सुतारालाही नाही." तेवढं बोलून तो पुन्हा पाणी प्यायला.

नवा बॉयलरवाला आला. झरोक्यातून हाका मारायची पद्धत बंद झाली. आता एक बाई तासातासाने उठून, आत जाऊन, काचेतली रेघ स्वतःच्या डोळ्यांनी बघून येते. कुणी हसत नाही. काम मात्र होतं.

काकूंनीही रफूचं टेबल सोडलं, त्या घरी असतात. गॅसच्या शेगडीची बटणं काढून त्यांनी एप्रनच्या खिशात ठेवली आहेत; चालताना ती एकमेकांवर वाजतात. स्वयंपाक करताना लावायची, झाला की काढायची. काका बाहेरच्या खोलीत बसतात, मांडीवर डिक्शनरी. ओट्याशी उभ्या असताना काकू अजून अक्षरं टाकतात. ती सवय काही सुटत नाही. शब्द येतो. पण आता शब्द आला की त्या हातातलं काम ठेवतात आणि बाहेरच्या खोलीत बघायला जातात.

परवा गेल्या तर खुर्ची रिकामी होती. काका न्हाणीघरात होते. सगळे नळ पूर्ण सोडलेले, गच्चीवरची टाकी खाली होत आलेली, आणि काका पायांवरून वाहून जाणाऱ्या पाण्याकडे समाधानाने बघत उभे होते.

"गाळ सोडतोय," ते म्हणाले. "आज अजून सोडला नव्हता."

"बरं केलंत," म्हणत काकूंनी एकेक नळ बंद केला.

"पलीकडे कोण आहे आज? हाक येत नाहीये मघापासून." त्यांनी भिंतीला तळहात लावला. "मी जागा आहे म्हणावं."

काकू बाहेर आल्या. भिंतीच्या या बाजूला उभ्या राहून त्यांनी तोंडाशी हात धरला आणि पूर्वीसारखा आवाज काढला. "बी, एच, एम."

आत थोडा वेळ फक्त शेवटच्या पाण्याची टपटप होती. मग भिंतीतून तो आला, लांबच लांब, एकही डबा न गळता: "इनकॉम्प्रिहेन्सिबिलिटी."

काकूंनी तो पूर्ण ऐकून घेतला. खिशातली बटणं एकदा चाचपली. आणि त्या पुन्हा आत बघायला गेल्या, कारण आत कुठला तरी नळ परत सुरू झाल्याचा आवाज येत होता.